कडुनिंबाला टांगलेलं खोकं

पुण्याला परतल्यावर कंपनीत सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "खोकं थंड पोचलं का?" मी खरं ते सांगितलं, "नाही." त्यापुढचं ऐकायला कोणाला सवड नव्हती, आणि मला सांगायचं होतं ते सगळं त्यापुढचंच होतं. म्हणून लिहायला बसले. वर्धा म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकातलं एक जंक्शन, एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी. म्हणजे जाण्यापूर्वीच्या माझ्यासारख्यांसाठी.

खोक्यात काय होतं ते आधी सांगते, नाहीतर गिरड गावात मी जी चूक केली तीच पुन्हा होईल. आपल्या रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. तो निरोप म्हणजे एक प्रथिन. ते येऊन चिकटलं की पेशीला कळतं, आता वाढायचं, एकीच्या दोन व्हायचं. इंटरल्यूकिन-टू असं त्याचं नाव. प्रयोगशाळेत पेशी जगवायच्या तर हे प्रथिन त्यांना बाहेरून घालावं लागतं, आणि माणसाच्या रक्तातून ते काढायचं म्हटलं तर बादलीभर रक्तातून चिमूटभरही निघणार नाही. मग आमच्यासारख्या कंपन्या काय करतात, तर ते बनवायची माणसाची कृती एका साध्या जिवाणूच्या पोटात ठेवतात. विरजण लावल्यासारखे ते जिवाणू मोठ्या भांड्यात वाढतात आणि निमूटपणे माणसाचं प्रथिन करत बसतात. त्यांच्यातून ते गाळून, शुद्ध करून वेगळं काढायचं, हे माझं काम. इतकी वर्षं करतेय की त्याचं नवल वाटणं कधी बंद झालं ते आठवत नाही. माझ्या लेखी ती एक कुपी, एक बॅच नंबर आणि खोक्यावर चिकटवायची "ह्यूमन इंटरल्यूकिन-टू" अशी पट्टी.

ही कुपी हवी होती डॉ. सुजाता रामटेकेला. वर्ध्याजवळच्या एका महाविद्यालयात ती क्षयरोगावर संशोधन करते. कुरिअरनं पाठवलेली खोकी दोनदा वाटेत रखडली आणि आतलं सगळं कोमट होऊन पोचलं. तिसऱ्यांदा तिचा फोन आला तेव्हा ती तक्रार करत नव्हती. एवढंच म्हणाली, "ताई, पेशी उपाशी आहेत. आता फार दिवस काढणार नाहीत." एरवी आम्ही प्रथिन सुकवून त्याची भुकटी पाठवतो, ती थोडी उष्णता सोसते. पण आमचं सुकवायचं यंत्र नेमकं बंद पडलेलं, दुरुस्तीला महिना लागणार. हाती होती ती एकुलती एक कुपी द्रवातली, म्हणजे नाजूक. दुसऱ्याच्या हातून काम नीट होईल यावर माझा मुळातच विश्वास कमी. मी स्वतःच निघाले.

गिरड

नागपूर विमानतळावर सुजाता गाडी घेऊन आली होती. पस्तिशीची, सडसडीत, भराभर बोलणारी. मी थर्माकोलचं खोकं मांडीवर घेऊन बसले आणि तिनं पहिलाच बॉम्ब टाकला.

"ताई, आधी गिरडला जाऊन येऊ. दौलतरावांच्या घरी आज तेरवीचं जेवण आहे. नाही म्हणता येणार नाही."

"आधी फ्रिज, मग जेवण," मी म्हणाले.

"तुमचा बर्फ किती वेळ टिकतो?"

"सावलीत असला तर संध्याकाळपर्यंत."

"मग झालं तर!"

विदर्भात "झालं तर" म्हटल्यावर पुढे वाद घालायचा नसतो हे मला नंतर कळलं.

बुटीबोरी मागे पडली. जामला हायवे सोडून आम्ही समुद्रपूरचा रस्ता धरला आणि मी खोक्यावरून नजर उचलून बाहेर पाहिलं. काय पळस फुलला होता! पुण्यात आम्ही एखादं झाड फुललं तरी त्याच्यापाशी उभं राहून फोटो काढतो. इथे मैल न् मैल, पानाचं नाव नाही, नुसता केशरी जाळ. मध्ये काळीभोर, भेगाळलेली शेतं, बांधावर रचलेले पऱ्हाटीचे, म्हणजे वेचून झालेल्या कापसाच्या काड्यांचे भारे. फाल्गुन सरत आलेला, पण ऊन वैशाखाचं. सुजाता गाडी चालवता चालवता दौलतरावांबद्दल सांगत होती.

दौलतराव गिरडचे शेतकरी. त्यांच्या वडलांना क्षय झाला, मग मोठ्या भावाला. दोघेही गेले. दौलतराव त्याच खोलीत झोपले, त्याच ताटात जेवले, दोघांची थुंकी काढली, आणि त्यांना कधी साधा खोकला लागला नाही. सुजाता अशीच माणसं शोधत होती. तिनं त्यांच्या रक्तातून क्षयाचा जंतू ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या केल्या. होत्या फारच थोड्या. गोठवून ठेवायच्या तरी आधी वाढवायला हव्या होत्या. आणि त्या वाढण्याआधीच दौलतराव एका दुपारी बांधावर बसल्या बसल्या गेले.

"आता पुन्हा रक्त मागायला कोणाकडे जाऊ?" सुजाता म्हणाली. "आहे ते एका बाटलीच्या तळाशी आहे. बस."

दुसरी गोष्ट तिनं जरा थांबून सांगितली. दौलतरावांच्या बायकोनं, कौसल्याकाकूंनी, अस्थी अजून नदीत सोडू दिल्या नव्हत्या. सोडायचा तर पुरा माणूस सोडायचा, अर्धा नाही, असं त्यांचं म्हणणं. थोडा तर डॉक्टरीणबाईकडे आहे! त्यावर सुजातानं त्यांना शब्द दिला होता. पेशी जगल्या तर काकूंच्या परवानगीनं ठेवीन. मेल्या तर बाटली परत आणून देईन, अस्थींबरोबर सोडा.

घर गावाच्या कडेला होतं. अंगणात मोठा कडुनिंब, आणि त्याच्या फांदीला लाल फडक्यात बांधलेलं एक मडकं टांगलेलं. अस्थी घरात नेत नाहीत, झाडाला बांधतात, हे मी ऐकून होते, पाहिलं पहिल्यांदाच. आमच्याकडे शहरात त्या स्मशानातल्या कपाटात राहतात आणि पावती दाखवून सोडवून आणायच्या असतात. त्या मडक्याकडे पाहून वाटलं, हे बरं आहे. निदान माणूस आपल्या अंगणात तरी असतो.

सुजाता गाडी लावायला मागे गेली. मी खोकं घेऊन ओसरीवर चढले. कौसल्याकाकू पुढे आल्या. ठेंगण्या, वाळक्या, डोक्यावर पदर, डोळे मात्र टपोरे आणि सरळ बघणारे. सकाळपासून वीज नव्हती, म्हणजे फ्रिजचा प्रश्नच मिटला होता. विमानाचा शीण, उन्हाचा ताप आणि माझा मूळचा खाष्ट स्वभाव, तिन्ही एकदम बोलले.

"हे काय आनलं बाई?" काकूंनी विचारलं.

"दौलतरावांसाठीच आहे," मी म्हणाले. "खाली जमिनीवर ठेवू नका. उघडू नका. मुलाबाळांचा हात लागू देऊ नका."

काकूंनी पदर सारखा केला, दोन्ही हात पुढे करून खोकं घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "घरात ठिवू का?"

"घरात, बाहेर, कुठेही. हवेशीर जागी ठेवा म्हणजे झालं."

आमच्या कंपनीच्या नियमावलीतली वाक्यं होती ती. उत्तम पाळली गेली.

ओसरीच्या भिंतीशी पळसाच्या पानावर भाताचा एक छोटा घास ठेवलेला दिसला. मी बघतेय हे काकूंच्या ध्यानात आलं. "त्यायचा हाये," त्या म्हणाल्या. "वावरातून आले का पयले माह्या ताटातला घास उचलत. म्हनत, तुह्या ताटातलं गोड लागते. मी म्हनो, बुढे झाले, आता तरी सोडा! तं हासत. आता मी पयलेच काहाडून ठिवतो." विदर्भात बायाही "ठेवतो, जातो" म्हणतात. ते ऐकून मी एरवी हसले असते. तेव्हा हसू आलं नाही.

जेवणाला वेळ होता. काकूंचा मुलगा विलास म्हणाला, "तवरक टेकडीवर जाऊन या नं मॅडम. गिरडले येऊन बाबाच्या पाया नाई पडले तं लोक आमाले बोलतीन." म्हणून आम्ही शेख फरीद बाबांच्या दर्ग्याची टेकडी चढलो.

वर वारा होता. हिरव्या चादरी, उदाचा वास, नारळ फोडणारे हिंदू, फातिहा पढणारे मुसलमान, आणि दोघांच्याही चपला एकाच ढिगात. शोधताना दोघांनाही तितकाच त्रास. कठड्याशी उभं राहिलं तर खाली तालुकाच्या तालुका पसरलेला दिसतो, काळी माती, पळसाचे निखारे आणि क्षितिजावर उन्हानं थरथरणारी रेघ. मी गप्प झाले. माझं गप्प होणं किती दुर्मीळ आहे हे मला ओळखणारे सांगतील.

सुजातानं पायाखालून एक गोटा उचलून माझ्या हातावर ठेवला. गोल, गुळगुळीत, अगदी सुपारीएवढा. टेकडीवर असे खूप आहेत. म्हणतात की एक व्यापारी बैलांवर माल लादून इथून चालला होता. फकिरानं विचारलं, गोणीत काय आहे? त्यानं थट्टेवारी नेलं, काहीतरी उडवाउडवीचं सांगितलं. पुढच्या मुक्कामावर गोण्या सोडल्या तर सगळ्या सुपाऱ्या दगड झालेल्या.

"म्हणून गिरडात कोणी विचारलं, पिशवीत काय आहे, तर नीट उत्तर द्यायचं असतं," सुजाता म्हणाली.

"मी नीटच दिलंय," मी म्हणाले आणि गोटा पर्समध्ये टाकला.

खाली उतरून अंगणात शिरलो आणि मी वर पाहिलं. कडुनिंबाच्या फांदीला, मडक्याच्या शेजारी, कोऱ्या पांढऱ्या कापडात बांधलेलं माझं खोकं लोंबत होतं. वर झेंडूचं फूल खोचलेलं. सावली केव्हाच सरकून भिंतीकडे गेली होती आणि खोकं भर दुपारच्या उन्हात संथपणे डोलत होतं.

"अहो, हे कोणी टांगलं?" मी जवळजवळ किंचाळलेच.

विलास गांगरला. "मॅडम, आमच्यात असंच असते. घरात नाई नेत. त्यावर ह्यूमन लिवलं होतं, मी वाचलं..."

काकू मात्र शांत होत्या. "तुमीच तं सांगतलं बाई. खाली ठिवू नका, उघडू नका, लेकराईले हात लावू देऊ नका. त्यायच्यासाठी हाये म्हनल्या, हवेशीर जागी ठिवा म्हनल्या. मले वाटलं, डॉक्टरीणबाईपाशी त्यायचं जे राह्यलं होतं, ते तुमी घेऊन आल्या."

एकेक सूचना त्यांनी जशीच्या तशी पाळली होती. फक्त माणसाच्या अस्थींबाबतही नेमक्या त्याच सूचना असतात, हे मला सुचलं नव्हतं.

विलासनं खोकं उतरवलं. झाकण उघडलं तर बर्फाच्या पिशव्यांचं कोमट पाणी झालेलं. आतल्या तापमापीकडे मी एकदा पाहिलं आणि ती उलटी करून ठेवली. सुजाता ओसरीच्या पायरीवर मटकन बसली.

"गेलं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. डोळ्यांनी काहीच कळत नाही हा या धंद्याचा शाप आहे. दूध नासलं की फाटतं. हे मेलं तरी पाण्यासारखं नितळ.

मला राग आला होता, पण तो धरायचा कोणावर? मी काकूंच्या समोर खाली बसले आणि जे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं ते सांगितलं. "काकू, या खोक्यात दौलतराव नाहीत. त्यांच्या पेशी सुजाताकडे बाटलीत जिवंत आहेत. हा त्यांचा खुराक आहे. तो मिळाला नाही तर त्या मरतील. आणि खुराक उन्हात खराब होतो."

काकूंचे टपोरे डोळे आणखी मोठे झाले. "खुराक? म्हंजे ते तिकडं उपाशी हायेत का?"

सुजातानं मान हलवली.

"काऊन नाई सांगतलं पयले?" काकू एकदम उठल्या. "ए विलास! जा, रसवंतीवरून बर्फ घेऊन ये. धाव! आन तुमी दोघी जेवाले काऊन थांबता? बसू नका, निंगा! डबा भरून देतो."

तेरवीच्या घरातून पाहुण्याला न जेवता कोणी घालवत नाही. पंगतीतल्या बाया कुजबुजल्या. काकूंनी तिकडे पाहिलंही नाही. विलास उसाच्या रसवाल्याकडून गोणपाटात बर्फाची लादी घेऊन धावत आला. काकूंनी तिचे तुकडे स्वतः मुसळानं केले. खोकं त्याच पांढऱ्या कापडात घट्ट बांधून माझ्या मांडीवर ठेवताना त्या म्हणाल्या, "पोचल्या का फोन करजा." माझ्याकडे नाही, खोक्याकडे बघून.

वर्धा

प्रयोगशाळेत पोचल्याबरोबर सुजातानं हातमोजे चढवले. बाटली म्हणजे तळहाताएवढी चपटी प्लॅस्टिकची, तळाशी गुलाबी पाणी. तिनं ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला खूण केली.

माझ्या नोकरीत हे कधीच येत नाही, हे इथे सांगायला हवं. मी कुपी भरते, पाठवते. ती पुढे कोणाच्या तोंडी पडते ते पाहिलेलं नव्हतं. पाहिलं तर मळकट, आकसलेले बारीक ठिपके, एकमेकांपासून दूर दूर पडलेले. काही काळवंडलेले. त्या मेल्या, सुजाता म्हणाली. उरलेल्या कशासाठी तरी थांबल्या होत्या.

"आहे ते देऊया," ती म्हणाली. कुपीतला थेंब बाटलीत पडला, गुलाबी पाण्यात जिरला, आणि तिनं बाटली उबदार कपाटात ठेवून दार लावलं. आता कळायला दोन-तीन दिवस लागणार होते. पुण्यात दुसरी कुपी नव्हती, जगात दुसरे दौलतराव नव्हते.

मग आवारातल्या बाकावर बसून आम्ही काकूंचा डबा उघडला. वडाभात. भातावर डाळीचे तळलेले वडे कुस्करायचे आणि वरून हिंग-मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची. ती त्यांनी वेगळ्या बाटलीत दिली होती. मेतकूट-भातावर वाढलेला माझा पुणेरी जीव तिसऱ्या घासाला रडायला लागला.

"रडून घ्या ताई," सुजाता म्हणाली, "आज कोणी कारण विचारणार नाही." आणि दोघीही हसलो, जरा जास्तच.

देवळी

सुजाताचं घर देवळीला. दिवसा ती प्रयोगशाळेत, मी तिच्या आईच्या ताब्यात. वर्ध्याहून एस्टीनं गेले. शेजारच्या बाईनं पहिल्या थांब्याआधी माझं गाव, नवरा, मुलं आणि गुडघेदुखी असं सगळं काढून घेतलं. पुण्यात इतकी माहिती द्यायला मी वीस वर्षं शेजारी घालवली असती.

सुजाताची आई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात पुस्तकांची फळी, आणि चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत. त्यात पातीचा कांदा, वर कच्चं तेल, सोबत ज्वारीची भाकर. आमच्याकडे भरितात दही घालतात असं मी म्हणाले, तर त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

जेवताना खोक्याची आणि त्यातलं प्रथिन कसं बनतं याची गोष्ट निघाली. टांगलेल्या खोक्यावर त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग गंभीर झाल्या.

"आमच्यात घास नाई काहाडत," त्या म्हणाल्या. "पन सुजाताचे बाबा गेले तेव्हापासून भाकर केली का एक जास्तीच होते. हाताले सवय हाये. रोज ठरवतो, आज मोजून करीन." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आन ताई, तो जिवाणू. तो मानसाचं काम करून राह्यला. त्याले समजते का, आपन हे कोनाचं करून राह्यलो?"

"नाही. त्याला कसं समजणार?"

"मंग करते कसा?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. जनुकांची लिपी साऱ्या सजीवांत एकच असते, तुमची, माझी, कडुनिंबाची आणि त्या जिवाणूची. माणसाची कृती त्याच्या पोटात ठेवली की तो ती वाचतो आणि अक्षर न चुकवता तसंच करून देतो. हे मी नव्या मुलांना दर वर्षी शिकवते. पण देवळीच्या त्या स्वयंपाकघरात ते शब्द उच्चारताना माझ्या अंगावर काटा आला. कोणा अनामिक जिवाणूनं, ज्याला माणूस म्हणजे काय हे ठाऊक नाही, दौलतरावांच्या पेशींसाठी नेमका तोच निरोप लिहिला होता जो त्यांच्याच शरीरानं लिहिला असता. आणि मी त्याला बॅच नंबर म्हणत होते!

"बापा," बाई म्हणाल्या, "म्हंजे सारे एकाच शाळेतले म्हना!" आणि माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं.

पुन्हा वर्धा

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही प्रयोगशाळेत पोचलो तर बाहेरच्या बाकावर कौसल्याकाकू आणि विलास बसलेले. पहिल्या एस्टीनं आले होते. कोणी बोलावलं नव्हतं.

"फोनवर समजत नाई," काकू म्हणाल्या. "आन मेलं असन तं घेऊन जावं लागन. कापड आनलं हाये." त्यांच्या मांडीवर ते पांढरं कापड होतं, धुऊन घडी घातलेलं.

सुजाता आत गेली. मीही गेले. तिनं उबदार कपाटातून बाटली काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि डोळा लावला. किती तरी वेळ ती हललीच नाही. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान दिसत होती. मला पुण्यातलं बंद यंत्र आठवलं, कुरिअर आठवलं, "हवेशीर जागी ठेवा" म्हणणारा माझा स्वतःचा आवाज आठवला, आणि मी मनातल्या मनात त्या टेकडीवरच्या बाबांना म्हणाले की पुढच्या वेळी नीट सांगेन. देव, पीर यांच्याशी माझं एरवी बोलणं नाही.

सुजाता बाजूला झाली. तिचे गाल ओले होते. "बघा," ती म्हणाली.

मी पाहिलं. त्या दिवशीचे मळकट ठिपके कुठेच नव्हते. पेशी फुगून टवटवीत झाल्या होत्या, कडांना लख्ख उजेड, आणि त्या सरकत सरकत एकमेकींपाशी आल्या होत्या. द्राक्षांचे घडच्या घड लटकावेत तशा. एका घडाच्या कडेला एक पेशी मधोमध आवळत चालली होती. एकीच्या दोन होणार होत्या. मला हुंदका आवरला नाही. माझ्या हातानं भरलेली, उन्हात डोललेली, रसवंतीच्या बर्फात बुडून आलेली कुपी! ती वाचली कशी हे मी आजही नक्की सांगू शकत नाही. थोडी मेली असेल, उरली तेवढी पुरली असेल. शास्त्राचं उत्तर एवढंच. पण ते दृश्य पाहताना मला शास्त्र आठवत नव्हतं, फक्त हात जोडावेसे वाटत होते, आणि कोणाला जोडायचे ते कळत नव्हतं.

सुजातानं काकूंना आत आणलं. स्टूल वर केलं, चष्मा काढायला लावला, भिंग त्यांच्या डोळ्याला जुळवून दिलं.

"दिसून राह्यलं का काकू?"

काकूंनी भिंगाला डोळा लावला. मग म्हणाल्या, "हे सारे तेच?"

"तेच. दौलतकाकाच."

"आन असे गोळा होऊन काऊन बसले?"

"खुराक भेटला म्हणून. पोट भरलं का असे एकमेकाजवळ येतात. मग वाढतात."

काकूंनी भिंगावरून डोळा काढला नाही. एक हात तेवढा पुढे गेला आणि सूक्ष्मदर्शकाच्या थंड लोखंडावर हलकेच टेकला, पाठीवर टेकावा तसा.

"जेवून राह्यले म्हना," त्या म्हणाल्या.

विलास दारात उभा होता. त्यानं तोंड फिरवलं. काकू स्टूलवरून उतरल्या, चष्मा घातला, पांढरं कापड सुजाताच्या हातात दिलं. "राहू द्या त्यायले इथं. भूक लागू देऊ नका." आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "उद्या तू नदीवर जाऊन येजो. बाकीचं सोडून दे."

दुपारी माझी गाडी होती. त्याआधी सगळे महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये जेवायला बसलो. स्टीलची ताटं, पातळ वरण, भात, पोळी, कोबीची कोरडी भाजी. पुण्यातल्या कँटीनपेक्षा तसूभरही बरं नाही, पण मी दोनदा वाढून घेतलं. काकू माझ्या समोर होत्या. त्यांनी भातावर वरण घेतलं, कालवलं आणि पहिला घास उचलला. हात सवयीनं ताटाच्या कडेकडे गेला. तिथे थांबला. मी चमचा खाली ठेवला. सुजाताही बघत होती.

काकूंनी खिडकीतून पलीकडच्या इमारतीकडे, प्रयोगशाळेच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं. मग तो घास आपल्याच तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिल्या.